बोललं की पाय विसरतात: मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या एका ताईंचा घरचा व्यायाम

ताई ३६ वर्षांच्या आहेत. वर्धा जिल्ह्यात, आर्वी तालुक्यातल्या एका लहान गावात राहतात. घरात नवरा, सासूबाई आणि सातवीतली मुलगी. चार एकर कोरडवाहू वावर आहे. त्यात कापूस आणि तूर, आणि पाऊस बरा दिसला तर सोयाबीन. ताईंचं शिक्षण दहावीपर्यंत झालं आहे आणि गावातल्या महिला बचत गटाचं रजिस्टर कित्येक वर्षं त्याच लिहीत असत. पाच वर्षांपूर्वी त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, असल्याचं निदान झालं. त्यांची ओळख पटेल असे तपशील इथे ठेवलेले नाहीत.

त्यांना माझ्याकडे, म्हणजे फिजिओथेरपिस्टकडे, पाठवणाऱ्या चिठ्ठीवर एकच ओळ होती: चालताना तोल जातो, व्यायाम शिकवावा. घरच्यांच्या बोलण्यात मात्र दोन वेगवेगळ्या तक्रारी होत्या. एक म्हणजे पाय लटपटतात, पडते. दुसरी म्हणजे डोकं चालत नाही, विसरते, हिशेब चुकवते. पहिलीसाठी फिजिओथेरपी आणि दुसरीसाठी कोणी सांगेल ते: भिजवलेले बदाम, डोक्याला तेल, मध्यंतरी एका देवस्थानाची वारीही झाली होती. या दोन तक्रारींचं मूळ बऱ्याच अंशी एक आहे हे समोर आलं, तेव्हाच उपचाराला दिशा मिळाली.

आजार आणि आधीची वाटचाल

सुरुवात डाव्या डोळ्यापासून झाली. डोळा हलवला की दुखायचा आणि दिसणं धुरकट झालं होतं. गावात सगळ्यांनी चष्म्याचा नंबर म्हणून सोडून दिलं, आणि काही आठवड्यांनी नजर आपोआप बरीचशी सुधारलीही. त्यानंतरच्या वर्षी कमरेखाली मुंग्या आल्या, उजवा पाय जड झाला, चप्पल पायातून निसटली तरी कळेना. मग नागपूरला एमआरआय झाला, पाठीतलं पाणी तपासलं आणि नाव कळलं.

हा प्रवास एमएसचा नेहमीचाच आहे. शरीराची रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते आणि संदेश मंदावतात किंवा अडतात. फ्रेंच डॉक्टर शार्को यांनी १८६८ साली या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं. तो बहुतेकदा २० ते ४० या वयात सुरू होतो, बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दोन ते तीन पट जास्त आढळतो, आणि सुमारे ८५ टक्के लोकांत सुरुवातीला झटका येणं आणि ओसरणं असं त्याचं रूप असतं. ताईंचा प्रकारही हाच. त्यांना रोग आटोक्यात ठेवणारं औषध दर सहा महिन्यांनी सलाईनमधून मिळतं आणि दोन वर्षांत नवा झटका आलेला नव्हता. औषध नवे झटके थोपवतं. आधी झालेल्या इजेतून उरलेलं अधूपण भरून काढणं हे त्याचं काम नाही. व्यायामाची गरज तिथे सुरू होते.

पडण्याच्या क्षणी काय चाललं होतं

तोल जातो म्हणणाऱ्या माणसाला उभं करून तपासण्याआधी तो कुठे, कधी आणि काय करताना पडला हे सविस्तर विचारावं, असं माझं ठाम मत आहे. ताई मागच्या तीन महिन्यांत चारदा पडल्या होत्या. चारही प्रसंग त्यांनी आणि सासूबाईंनी मिळून सांगितले.

नळावरून पाण्याचा गुंड घेऊन येताना शेजारणीने हाक मारली, उत्तर देत वळल्या आणि गेल्या. चुलीवरून भाजीचं पातेलं उतरवून मागे फिरताना मुलगी शाळेच्या सहलीचे पैसे मागत होती, तेव्हा भिंतीवर आदळल्या. वावरात धुऱ्यावरून चालताना कानाला फोन होता. चौथ्यांदा रात्री अंगणापलीकडच्या संडासाकडे जाताना, लाईट गेलेली असताना पडल्या.

दिवसाउजेडी, सपाट जमिनीवर, गुपचूप चालताना त्या एकदाही पडल्या नव्हत्या. चारपैकी तीन वेळा चालण्याबरोबर दुसरं काही तरी सुरू होतं, आणि चौथ्या वेळी डोळ्यांचा आधार नव्हता. मी हे मोठ्याने मांडलं तेव्हा ताई पटकन म्हणाल्या, “नुसतं चालाले काही होत नाही जी मले. कोनी बोललं का पाय इसरतेत.”

या एका वाक्यात सगळं निदान होतं. आपला तोल तीन ठिकाणच्या माहितीवर टिकतो: डोळे, आतला कान, आणि तळपाय व सांध्यांमधली जाणीव. एमएसमध्ये पायांकडून येणारी माहिती मज्जारज्जूतून उशिरा पोचते आणि तिची बाकीच्यांशी जुळवणीही नीट होत नाही. मग माणूस डोळ्यांवर जास्त विसंबतो आणि प्रत्येक पावलाकडे लक्ष देऊन चालतो. निरोगी माणसाचं चालणं जवळजवळ आपोआप होतं. ताईंना त्यासाठी लक्ष खर्च करावं लागतं. त्यातच एमएस असलेल्या साधारण ४० ते ६५ टक्के लोकांत विचारशक्तीवर काही ना काही परिणाम होतो, आणि सर्वांत आधी मार बसतो तो माहिती हाताळण्याच्या वेगावर. म्हणजे लक्षाचा साठा आधीच कमी आणि पायांना तोच जास्त हवा. हे ऐकत बसलेले भाऊ, म्हणजे ताईंचे यजमान, म्हणाले, “म्हंजे एकाच मोटारीवर दोन वावरांचं ओलीत.” मला याहून चांगलं सांगता आलं नसतं. एमएस असलेल्यांपैकी अर्ध्याहून अधिक लोक कोणत्याही तीन महिन्यांत किमान एकदा पडतात, असं निरनिराळ्या देशांतल्या अभ्यासांची आकडेवारी एकत्र केल्यावर दिसलं आहे. तेव्हा ताईंचं पडणं हा त्यांच्या बेफिकिरीचा भाग नव्हता, हे घरात स्पष्ट बोलून झालं.

ताईंना पडण्यापेक्षा जास्त लागलं होतं ते वेगळंच. गटाच्या बैठकीत सगळ्या एकदम बोलायच्या, कोणाचा हप्ता आला, कोणाचा राहिला यात त्यांचा धागा तुटायचा. दोनदा बेरीज चुकली. रजिस्टर दुसऱ्या बाईकडे गेलं. कोणी वाईट बोललं नाही, पण त्यानंतर त्या बैठकीला जाईनाशा झाल्या. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला, आणि आमच्या कार्यक्रमाचं एक उद्दिष्ट तिथेच ठरलं.

तपासणी

आधी दुसरी कारणं बाजूला काढावी लागतात. थकवा, विसराळूपणा आणि तोल या तिन्हींच्या मागे रक्तक्षय, बी १२ची कमतरता, थायरॉईड, लघवीचा जंतुसंसर्ग, झोपेच्या किंवा स्नायू सैल करणाऱ्या गोळ्या आणि उदासपण यातलं काहीही असू शकतं. सगळं एमएसच्या खात्यावर टाकलं की बरं होण्याजोगं ते तसंच राहून जातं. ताईंचं हिमोग्लोबिन ९.४ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्या गावच्या उपकेंद्रातून मिळत राहतील हे आशाताईंनी, म्हणजे गावच्या आशा आरोग्य कार्यकर्तीने, पाहिलं.

उजव्या मांडीत थोडा अशक्तपणा होता, पण नुसत्या त्याने माणूस पडत नाही. पाय जुळवून, डोळे उघडे ठेवून त्या अर्धा मिनिट आरामात उभ्या राहिल्या. डोळे मिटल्यावर आठ सेकंदांत डोलू लागल्या. बर्ग तोल चाचणीत ५६ पैकी ४४ गुण. खुर्चीवरून उठून तीन मीटर जाऊन परत बसायला ११.५ सेकंद. हेच काम शंभरमधून तीन-तीन वजा करत करायला सांगितलं तर १७ सेकंद, आणि वळताना एकदा हात भिंतीकडे गेला. दुसरं काम जोडल्यावर वेळ जवळपास ४८ टक्क्यांनी वाढला. हा वाढलेला भाग म्हणजे दुहेरी कामाची किंमत, आणि या प्रकरणात माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आकडा तोच.

विचारांच्या वेगासाठी चिन्हं आणि आकडे जुळवण्याची ९० सेकंदांची एसडीएमटी चाचणी घेतली. गुण ३१ आले. ही चाचणी शाळेतल्या सरावावर आणि वयावर अवलंबून असते. म्हणून त्यांची तुलना मी फक्त त्यांच्याशीच केली.

घर, ऊन आणि वेळ

व्यायामाआधी घर पाहिलं. मधल्या खोलीचा उंबरठा वीतभर उंच. न्हाणी बाहेर, तिथली फरशी शेवाळलेली. अंगण सारवलेलं आणि सड्यानंतर निसरडं. पायात पट्टा नसलेली स्लीपर. भाऊंनी एका दुपारी संडासाच्या वाटेला बांबूचा कठडा केला, उंबरठ्यावर पांढऱ्या रंगाची पट्टी ओढली, आणि वाटेवर बॅटरीचा दिवा लावला जो लाईट गेली तरी जळतो. चपलेला मागून पट्टा आला. यावर फार खर्च झाला नाही, आणि व्यायामाचा परिणाम दिसायला जे आठवडे लागतात तेवढ्यात हाड मोडू नये यासाठी हे आधी होणं जरुरी होतं.

आम्ही सुरुवात केली ती मे महिन्यात, आणि वर्ध्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जाणं नवलाचं नाही. एमएसमध्ये ही गोष्ट जिवाला लागणारी आहे. विल्हेल्म ऊटहॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० साली नोंदवलं की काही रुग्णांची नजर श्रमानंतर काही वेळापुरती मंदावते. पुढे कळलं की कारण श्रम नसून अंगातली उष्णता आहे. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी आवरण गेलेल्या नसांमधून संदेश जाणं अडू शकतं. टिनाच्या छपराखाली दुपारी ताईंना डावीकडचं अंधूक दिसायचं आणि उजवा पाय ओढला जायचा. घरच्यांना वाटायचं आजार वाढला. प्रत्यक्षात थंडावा मिळाला की तासाभरात सगळं पूर्वीसारखं व्हायचं. हा त्रास तात्पुरता असतो, त्याने नसांना नवी इजा होत नाही, हे मी दर वेळी नव्याने सांगत राहिले, कारण याच भीतीने लोक व्यायाम सोडतात.

सासूबाईंचा विरोध होता आणि त्यामागे माया होती. “मी सांगून राहिली तिले, बाजीवर पडून राह्य, मी करतो सारं. अन् तुमी तिले अजून दमवता.” आजींचं म्हणणं मला मुळीच अडाणीपणाचं वाटलं नाही. १९९० च्या दशकापर्यंत डॉक्टरसुद्धा एमएसच्या रुग्णांना श्रम टाळा, शक्ती राखून ठेवा असंच सांगत. १९९६ साली अमेरिकेतल्या युटा इथे ५४ रुग्णांवर १५ आठवड्यांच्या एरोबिक व्यायामाचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात दमसास वाढला, ताकद वाढली, आणि मत बदलायला सुरुवात झाली. आज सौम्य ते मध्यम अधूपण असलेल्यांना आठवड्यातून दोनदा मध्यम श्रमाचा अर्ध्या तासाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम सांगितला जातो. मी आजींना एवढंच म्हटलं, “तुम्ही जवळ बसा. ती दमली असं तुम्हाला वाटलं की तुम्हीच थांबवा.” थांबवण्याचा हक्क हातात आल्यावर त्या रोज हजर राहू लागल्या.

वेळ ठरली पहाटे साडेपाचची, सडा घालण्याआधी, कारण ओल्या अंगणात तोलाचा व्यायाम करायचा नाही. दुसरी पाळी दिवेलागणीनंतर. सुरुवातीला दहा-दहा मिनिटं, पुढे वीस. व्यायामाआधी पंधरा मिनिटं पाय माठातल्या पाण्याच्या बादलीत, मानेभोवती ओला दुपट्टा, आणि घोटभर थंड पाणी. कूलरसमोर बसणं मे महिन्यात उपयोगी पडतं. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा त्याचा भरवसा नाही, ओला दुपट्टा आणि पंखाच बरा. आठवड्यात पाच दिवस. बाजाराच्या दिवशी सुट्टी.

काय करून घेतलं

तोलाचे व्यायाम खोलीच्या कोपऱ्यात. दोन भिंती मागे आणि लाकडी खुर्चीची पाठ समोर, म्हणजे कुठल्याही बाजूला तोल गेला तरी आधार हाताशी. पाय जुळवून उभं राहणं, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग टाचेला अंगठा लावून एका ओळीत. प्रत्येक पायरीवर आधी नजर समोर, नंतर मान डावी-उजवीकडे, शेवटी डोळे मिटून. जमिनीवर जमलं की घडी केलेल्या वाकळीवर. डोळे मिटून उभं राहणं आजी किंवा भाऊ हातभर अंतरावर असतील तरच, या नियमाला अपवाद ठेवला नाही.

भिंतीवर डोळ्यांच्या उंचीवर एक लाल टिकली चिकटवली. तिच्यावर नजर रोखून मान हलवायची, टिकली अस्पष्ट होता कामा नये. आधी बसून, नंतर उभं राहून, मग चालत. डोळे आणि तोल यांचे असे एकत्र व्यायाम एमएसमध्ये तोल सुधारतात, हे २०१८ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं आहे. हा व्यायाम ताईंना सर्वांत कंटाळवाणा वाटायचा आणि सुरुवातीला मळमळायचंही. मी तो वेळ कमी करून चालू ठेवला, कारण वळताना पडणाऱ्या माणसाला त्याची गरज असते.

ताकदीसाठी खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं आणि ओट्याला धरून टाचा उचलणं. बाजेवरून उठण्याचा सराव टाळला. ती मध्ये झोळते, माप सारखं राहत नाही. चालण्याच्या सरावासाठी अंगणात सुतळ्या आडव्या टाकल्या, सरीएवढ्या अंतरावर, त्या ओलांडत जायचं.

विचारांचा सराव आधी बसून आणि वेगळा. लेकीने पुठ्ठ्याचे पत्ते केले. तूर म्हणजे एक, मूग म्हणजे दोन, हरभरा तीन, अशी ओळख ठरवायची आणि पत्ते दाखवत जायचं. ताईंनी आकडा म्हणायचा. ओळख अंगवळणी पडली की लेक नियम बदलायची. बाजाराची यादी लक्षात ठेवायला यादीतल्या वस्तूंची गोष्ट जुळवायची: वांगी विकणाऱ्या बाईच्या साबणावर कांदे घसरले, असं काहीही. मनात चित्र उभं राहिलं की यादी टिकते. स्मरणाच्या पुनर्वसनात ही पद्धत एमएसच्या रुग्णांवर तपासून पाहिलेली आहे.

खरं काम सुरू झालं ते दोन्ही जोडल्यावर. हे जोडणं सावकाश करावं लागतं. पहिल्यांदा जो तोल अगदी सोपा झाला आहे त्यावरच डोक्याचं काम चढवायचं. पाय जुळवून उभं असताना भाज्यांची नावं. मग एका ओळीत पाय ठेवून वारांची नावं उलटी. मग अंगणात चालताना आजींनी नात्यातल्या एकेका माणसाचं नाव घ्यायचं आणि ताईंनी त्याचं गाव सांगायचं. हा प्रकार आजींनी स्वतः काढला आणि वजाबाकीपेक्षा कितीतरी चांगला ठरला. त्यात गप्पा होत्या, आणि ताई खऱ्या आयुष्यात पडत होत्या त्या गप्पांमध्येच. शेवटच्या टप्प्यात ताटलीत पाण्याचा पेला, सुतळ्यांवरून चालणं, आणि वाटेत लेकीने हाक मारणं. वळायचं, पाणी सांडायचं नाही, उत्तर बरोबर द्यायचं.

सूचनाही दर वेळी वेगळी असे: आज पायांकडे लक्ष दे, उत्तर चुकलं तरी चालेल. उद्या उत्तराकडे. परवा मी टाळी वाजवली की अदलाबदल. लक्ष कुठे ठेवायचं हे स्वतः ठरवता येणं, ते हलवता येणं, हेच शिकायचं होतं.

यासोबत एक साधा नियम घरात लागू केला. हातात जड वस्तू किंवा गरम भांडं असेल तर आधी थांबायचं, पाय टेकवायचे, मग बोलायचं. घरच्यांनीही चालत्या ताईंना मागून हाक मारायची नाही, समोर यायचं. सराव करून क्षमता वाढवणं आणि धोक्याची वेळ टाळणं, दोन्ही एकाच वेळी करावं लागतं. नुसती टाळाटाळ केली तर माणूस हळूहळू घरात कोंडला जातो.

आषाढातला अडथळा

पाऊस पडला, पेरणी आली आणि वेळापत्रक कोलमडलं. भाऊ वावरात, आजी मजूर बायांच्या भाकरीत. संध्याकाळची पाळी सुटली. ती परत लावण्याचा हट्ट मी केला नाही. पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याच्या घरी सकाळची पाळी टिकली तरी पुष्कळ आहे.

त्यानंतर ताईंना ताप आला आणि एका दिवसात चालणं बिघडलं. बाजेवरून उठताना त्या पडल्या. घरात लगेच निष्कर्ष निघाला की व्यायामानेच झालं. फोनवर आशाताईंनी लघवीची जळजळ असल्याचं सांगितलं आणि मी तातडीने डॉक्टरांकडे न्यायला लावलं. जंतुसंसर्ग निघाला. ताप किंवा संसर्गाने जुनी लक्षणं डोकं वर काढतात तेव्हा तो खरा झटका नसतो. ताप नसताना नवं लक्षण २४ तासांपेक्षा जास्त टिकलं तर झटक्याची शंका घ्यावी, आणि तेव्हाही घरी वाट न पाहता डॉक्टरांना गाठावं. औषधाने ताईंचा ताप उतरला, चार दिवसांत पाय पूर्वपदावर आले. व्यायाम पूर्ण थांबवला होता, तो आम्ही दोन पायऱ्या खालून परत सुरू केला. पाणी कमी पिण्याचं कारणही विचारल्यावर कळलं: संडासाच्या वाटेची भीती. कठडा झाला होता, पण सवय राहिली होती.

बारा आठवड्यांनंतर

पोळ्याच्या सुमारास पुन्हा मापं घेतली. बर्ग चाचणीत ४४ चे ४९ झाले. पाच गुणांचा फरक चाचणीच्या दिवसावरही हलू शकतो, एकट्या त्याच्यावर मी विसंबणार नाही. उठून-चालून बसण्याचा वेळ ११.५ वरून १०.२ सेकंद. वजाबाकीसह तोच वेळ १७ वरून १२.९. दुहेरी कामाची किंमत ४८ वरून सुमारे २६ टक्क्यांवर आली, आणि वळताना भिंत शोधणारा हात दिसला नाही. या काळात पडणं एकदाच, तेही तापात.

एसडीएमटीचे गुण ३१ चे ३४ झाले. साधारणपणे चार गुणांचा फरक अर्थपूर्ण धरतात, शिवाय दुसऱ्यांदा चाचणी देताना सवयीनेही गुण वाढतात. म्हणजे विचारांचा मूळ वेग वाढला असं मी म्हणणार नाही. व्यायामाने मेंदू तल्लख होतो अशी आश्वासनं सर्रास दिली जातात, आणि एमएसच्या कुटुंबांना ती फार हवीशी वाटतात. पुरावा तेवढा उदार नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या कॉगएक्स चाचणीत वाढत जाणाऱ्या प्रकारचा एमएस असलेले ३११ लोक होते. बारा आठवडे बौद्धिक सराव आणि एरोबिक व्यायाम दोन्ही मिळालेल्या गटाचा वेग इतर गटांपेक्षा जास्त सुधारला नाही. ताईंचा प्रकार वेगळा आणि आमचं उद्दिष्टही वेगळं होतं. आम्हाला हवं होतं ते चालता-चालता बोलता येणं. स्वीडनमध्ये शरीराच्या मध्यभागाची स्थिरता, दुहेरी काम आणि संवेदनांचा वापर यांवर बेतलेल्या सात आठवड्यांच्या कार्यक्रमानंतर रुग्णांचं पडणं कमी झालेलं आहे, आणि आमचं जे काही जमलं ते त्याच वाटेवरचं आहे.

श्रेय वाटताना हेही नोंदवलं पाहिजे की याच काळात हिमोग्लोबिन ११ च्या वर गेलं, मे सरून हवा निवळली, आणि घरातले लोक मागून हाका मारेनासे झाले. एका रुग्णावरून यातलं कशामुळे किती हे वेगळं काढता येत नाही.

गटाचं रजिस्टर परत ताईंकडे आलेलं नाही. पण त्या बैठकीला जातात. नवीन लिहिणाऱ्या बाईने स्वतःहून सुचवलं की पैसे मोजताना बाकीच्यांनी गप्प बसायचं आणि एकेकीचं नाव घेऊन हप्ता घ्यायचा, म्हणजे ताई शेजारी बसून पडताळणी करू शकतील. एकावेळी एकच आवाज, एवढ्या बदलावर त्यांची बेरीज बरोबर येते.

पुढचं

डोळे मिटून उभं राहणं अजून १४ सेकंदांच्या पुढे जात नाही. पायातली जाणीव कमी आहे, आणि ती परत येईल असं मी ताईंना सांगितलेलं नाही. रात्रीची वाट कठडा आणि दिव्याच्या भरवशावरच चालायची आहे.

दिवाळीच्या आधी वेचणी सुरू होते. कमरेला बांधलेली ओटी कापसाने भरत जाते तसं वजन पुढे येतं, हात दोन्ही बाजूंना चालतात, शेजारच्या ओळीतल्या बायांशी गप्पा सुरू असतात. आमच्या सरावातलं सगळं एका ठिकाणी. ताईंना वेचायला जायचंच आहे. म्हणून आता ओटीत आधी जुने कपडे, मग थोडी सरकी भरून अंगणात सुतळ्यांवरून चालणं चालू आहे. ठरलं आहे ते असं: पहिल्या वेचणीला सकाळी ऊन चढण्याआधीचा तासभर, ओटी निम्मी भरली की रिकामी करायची, आणि धुऱ्यावर आजी बसलेल्या असतील. थंडीत व्यायामाची वेळ पहाटेऐवजी दुपारी चारची होईल, कारण ताईंचे पाय गारठ्यात ताठरतात.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एमएसचा स्वतंत्र उल्लेख आहे, आणि ४० टक्के किंवा जास्त अधूपणाला त्यातले बरेचसे लाभ मिळतात. ताईंचा अर्ज भरून झाला आहे. त्यासोबत मी दुहेरी कामाची मापंही जोडली आहेत, कारण डॉक्टरांसमोर शांत खोलीत चार पावलं नीट चालणाऱ्या बाईची अडचण त्या चार पावलांत दिसत नाही.